फौजदाराची वाटी

काकासाहेब : म्हणजे मी तुमच्या दारात यायचंच नाही, असं म्हणणं आहे का तुमचं?

रतनबाई : या की. दार उघडंच हाय. मी फक्त इचारलं, पोतं कुठं हाय.

काकासाहेब : कसलं पोतं?

रतनबाई : मागच्या बारीला माझ्या मांजरासाठी आलता, तवा पोतं घेऊन आलता. युरियाचं. आज हात मोकळे दिसले म्हनून इचारलं.

काकासाहेब : रतनबाई, त्या गोष्टीला चार वर्षं झाली. आणि सदर प्रकार मी केला, असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

रतनबाई : सिद्ध काय करायचं त्यात? पोतं तुमच्या गोठ्यातलं, टेम्पो तुमचा, डायव्हर तुमचा भाचा. प्रवरासंगमाचा पूल तेवढा सरकारचा. पुलाच्या पल्याड सोडलं तुमी माझ्या फौजदाराला. पोळ्याला गेला, दसऱ्याला आला. कान फाटलेला, मागला पाय वढत. आन दारात आल्या आल्या पहिलं काय केलं ठावं हाय? ताटलीत बघितलं. रिकामी हुती. मग माझ्याकडं बघितलं, जसं काय मलाच उशीर झालाय.

काकासाहेब : जिवाला तर कुणी धक्का लावला नाही ना त्याच्या?

रतनबाई : जिवाला लावला असता तर सोन्याचं मांजर करून काशीला सोडावं लागलं असतं. सोनं जड पडतं. पोतं हलकं पडतं.

काकासाहेब : मी भांडायला आलेलो नाही. एक विनंती घेऊन आलोय.

रतनबाई : बसा. तिथं नगा, ती गोधडी त्याची हाय. खाली बसा.

काकासाहेब : आहे कुठं तो?

रतनबाई : उंबऱ्याशी. तुमच्या चपलांवर निजलाय.

काकासाहेब : मला ओळखलं नाही वाटतं.

रतनबाई : वळखलं असतं तर चपला कोरड्या ऱ्हायल्या नसत्या.

काकासाहेब : थकला हो बिचारा. असो. उद्या आपल्या दूध संस्थेची सर्वसाधारण सभा आहे. चेअरमनची निवड आहे. मी पुन्हा उभा राहतोय, हे तुमच्या कानावर असेलच.

रतनबाई : कानावर हाय. डोक्यावर पडल्यासारखं झालं.

काकासाहेब : सभासद बंधूंच्या मनात माझ्याविषयी जो किंतु आहे, तो मला एकदाचा काढून टाकायचा आहे. आणि तो ज्यानं घातला, त्यानंच काढावा, असं मला वाटतं. उद्या फौजदारानं सभेला यावं.

रतनबाई : मतदानाला?

काकासाहेब : वाटीला. मागं त्या बन्सीनं, आपल्याच एका सभासदानं, भर सभेत त्याच्यापुढं संस्थेच्या दुधाची वाटी ठेवली होती, तशीच उद्या मी ठेवतो. एका मांजरानं पाठ फिरवली म्हणून माणसाची खुर्ची गेली, असं अख्ख्या सहकारात कुठं घडलं नसेल.

रतनबाई : बन्सीनं आधी दूध तपासायच्या मशीनलाच इचारलं हुतं. मशीन तुमच्या मेव्हन्याच्या हातात. मशीनला नातंगोतं कळतं. फौजदाराला कळत नव्हतं, म्हनून लोकांनी फौजदाराचं ऐकलं. पानी घातलेलं आसू दे, पावडर घातलेली आसू दे, ह्यो नुसतं नाक खाली न्यायचा आन सांगायचा. तुमच्या वाटीवर तर नाक बी पुरतं नेलं न्हाई. वळला, पाठ केली, आन शेपूट चाटत बसला.

काकासाहेब : शेपूट नव्हतं चाटत. ते जाऊ द्या. गाव हसलं ना?

रतनबाई : लई हसलं. मी बी हसले. तिथंच चुकलं माझं. त्याच हसन्यावर तुमी दुसऱ्या दिशी पोतं हुडकलं.

काकासाहेब : मग उद्या त्याला पुन्हा सांगू द्या. दूध चोख असलं तर पिईल, नसलं तर फिरवील पाठ. माझी तयारी आहे.

रतनबाई : लई भरवसा दिसतोय.

काकासाहेब : सत्याला भीती कसली?

रतनबाई : आन मी न्हाई म्हनलं तर?

काकासाहेब : तर मला नाइलाजानं सभेत सांगावं लागेल की रतनबाईंनी ऐन वेळी मांजर लपवलं. मग लोकच म्हणतील, मागच्या वेळी याला शिकवून आणलं होतं. म्हणजे बघा, तुमचंही नाव जाईल आणि त्याचंही.

रतनबाई : आनते.

काकासाहेब : काय म्हणालात?

रतनबाई : आनते म्हनलं त्याला. आता चपला घ्या. हळूच वढा, झोप मोडू नगा त्याची.

काकासाहेब : निघत नाहीयेत. दोन्ही पाय टाकून झोपलाय.

रतनबाई : मग अनवानी जा. घर जवळच हाय तुमचं.

*

मोनिका : मावशी, आमचे दादा अनवाणी का गेले घरी?

रतनबाई : नवस आसंल एखादा. ये, बस. सासरा पुढच्या दारानं गेला की सून मागच्या दारानं येती. बरी पद्धत हाय तुमच्या घरात.

मोनिका : तुम्ही हो म्हणालात ना त्यांना? चेहऱ्यावरून कळलं मला. मावशी, चूक माझी आहे. परवा आपण फौजदारला नेवाशाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं ना, ते मी जेवताना बोलून गेले. म्हटलं, बिचाऱ्याला ऐकू येत नाही, किडनी थकलीय, आणि वास तर अजिबात येत नाही आता. दादांनी घास तिथंच थांबवला. 'नाक गेलंय? नक्की?' असं दोनदा विचारलं. मग आमटी मागून घेतली आणि कधी नव्हे ते चांगली झालीय म्हणाले.

रतनबाई : आत्ता कळलं सत्याला भीती का न्हाई ती.

मोनिका : उद्या ते काहीही ठेवतील आणि हा पिईल. आणि दूध तर त्याला बंद सांगितलंय. तुम्ही नाही म्हणा. मी सांगते, मांजर आजारी आहे म्हणून.

रतनबाई : तुला काय वाटलं, त्याचं नाक गेलंय हे मला डाक्टरीनबाईनं सांगितलं? गेल्या बाजारच्या दिशी मी भाकरी करत हुते. परात धुतली, ते पिठाचं पानी बाजूला सारलं. ह्यो उठला, भिंतीला धरत धरत आला, आन ते पानी दूध समजून पीत बसला. मधी मधी वर बघायचा, खूश हुऊन. मी त्याचं पिऊन हुईस्तोवर तव्यावरची भाकरी जळू दिली.

मोनिका : मला बोलला नाहीत.

रतनबाई : कोनाला सांगायचं असतं का ते? पन उद्या कामाला येईल. तुज्या सासऱ्याची वाटी त्यो पिईल. पिऊ दे. टाळ्या पडतील. पडू दे. मग मी उठनार. रोज दूध घालायची माझी किटली असती, तीच. तिच्यात परातीचं पानी. सगळ्यांना दाखवायचं, बोटं बुडवून बगा म्हनायचं, आन मग दुसरी वाटी ठेवायची. ती बी त्यो पिईल. मग इचारनार, ज्याला पिठाचं पानी आन दूध येकच, त्याची साक्ष काढून चेअरमन व्हायला आलेला मानूस कसा वो? आन त्याला हे ठावं हुतं का नव्हतं, ते त्याच्या सुनंला इचारा.

मोनिका : मला?

रतनबाई : तुझं नाव नगं घेऊ का?

मोनिका : घ्या. घेतलं तरी चालेल. माझं काही नाही. पण मावशी, गाव हसेल.

रतनबाई : त्याच्यासाठीच चाललंय की सगळं.

मोनिका : दादांना हसेल, बरोबर. पण फौजदारलाही हसेल ना. अजून बाया पोरांना गोष्टी सांगतात त्याच्या. मी भिंगारहून लग्न होऊन आले, तेव्हा या गावातली पहिली गोष्ट मला हीच सांगितली होती कुणीतरी, की इथं एक मांजर आहे, ते दुधाच्या टेम्पोत बसून नेवाशाला जातं आणि परतीच्या टेम्पोत बसून येतं.

रतनबाई : रोज न्हाई. बाजाराच्या दिशीच जायचा, मासळी असती म्हनून. बाकी दिशी टेम्पोकडं ढुंकून बगायचा न्हाई.

मोनिका : आणि पत्र्यांवरून जायचा ना.

रतनबाई : साळूबाईच्या पत्र्यावर चढला की डेरीच्या पत्र्यावरच उतरायचा. जमिनीला पाय लावायचा न्हाई. आता ह्या खाटंवर चढाया बगतो. उडी कमी पडती. मग तिथंच खाली बसून अंग चाटतो, जसं काय त्याला तिथंच यायचं हुतं.

मोनिका : म्हणूनच म्हणते. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. उद्या सगळ्यांना कळेल. त्याला सगळ्यांसमोर म्हातारा करणार तुम्ही.

रतनबाई : चार वरसं झाली मोनिका. त्याचा पाय थंडीत आकडतो, तवा मी रातीची उठून चोळते. चोळताना येकच नाव तोंडात येतं माझ्या. देवाचं न्हाई.

मोनिका : मग ठरलं तुमचं.

रतनबाई : ठरलंय. परात ऱ्हाऊ दे तशीच. धू नगो.

*

(दुसरा दिवस. सभा नुकतीच संपली आहे. लोक बाहेर मांडवात जेवायला गेलेत. हॉलमध्ये हे तिघं. फौजदार काकासाहेबांच्या मांडीवर झोपलेला.)

काकासाहेब : उचला आता याला, रतनबाई. बाहेर लोक हार घेऊन उभे आहेत.

रतनबाई : झोपलाय त्यो.

काकासाहेब : पायाला मुंग्या आल्यात माझ्या.

रतनबाई : येत्यात. माझ्या बी येत्यात, रोज.

काकासाहेब : पण काय सांगू तुम्हाला, दिवस सोन्याचा झाला. वाटी पुसून काढली हो त्यानं. थेंब ठेवला नाही. आणि त्यानंतर सगळी सभा सोडून सरळ माझ्याकडं चालत आला. माझ्या विरोधात उभ्या राहिलेल्या भीमराजनं तिथंच अर्ज मागं घेतला. म्हणाला, ज्याला पोत्यात घातलं तोच मांडीवर येऊन बसतोय, मग आम्ही कोण आडवे येणार? बिनविरोध. साळूबाईंनी तर डोळे पुसले.

मोनिका : दादा, तुम्ही खिडकीपाशी बसला होतात. तिथं ऊन होतं. त्याला ऊन लागतं आता.

काकासाहेब : असेना. लोकांना ऊन दिसलं नाही.

रतनबाई : त्यांना काय दिसतं ते मला बी दिसलं आज.

काकासाहेब : तुम्ही मन मोठं केलंत, हे मी विसरणार नाही. खरं सांगू का, मला धाकधूक होती. तुम्ही किटली घेऊन पुढंच बसला होता. म्हटलं, ही बाई काहीतरी करणार.

रतनबाई : करनार हुते. बोट बुडवा किटलीत.

काकासाहेब : दूध आहे.

रतनबाई : चाखून बगा.

काकासाहेब : हे काय आहे?

रतनबाई : परात धुतलेलं पानी. तुमच्या वाटीमागं ही वाटी ठेवनार हुते. हे बी प्याला असता. घरी पितोच. नाक गेलंय त्याचं, तुमाला ठावंच हाय. तुमच्या आमटीच्या टायमालाच कळलं तुमाला.

काकासाहेब : मोनिका?

मोनिका : हो दादा. मीच सांगितलं. तुम्हालाही आणि त्यांनाही.

काकासाहेब : मग ठेवली का नाहीत वाटी?

रतनबाई : झाकन काढलं हुतं. तेवढ्यात टाळ्या पडल्या. त्याला ऐकू येत न्हाई. पन फरशीतून काय तरी गेलं आसंल पायाला, कारन मान वर केली त्यानं. सगळीकडं बघितलं. डेरीच्या पत्र्यावर उभा ऱ्हायचा ना, तशी मान. मी झाकन परत लावलं.

काकासाहेब : म्हणजे तुम्ही मला माफ केलंत.

रतनबाई : तुमचा काय संबंध? मी त्याच्याबद्दल बोलते.

काकासाहेब : बरं, बरं. झालं गेलं. घ्या आता त्याला.

रतनबाई : लोकं अजून मांडवातच हायत. जिलेबी यायचीय, कोन हलनार न्हाई. किटली भरलेली हाय. वाटी बी हितंच हाय. झोपेतनं उठवलं की त्याला आधी भूकच लागती.

काकासाहेब : रतनबाई.

रतनबाई : सांगा.

काकासाहेब : तुम्हाला पाहिजे काय? पोत्याचं कबूल करू? चला, मांडवात जाऊन माइकवर करतो. झाली चूक म्हणतो. हात जोडतो.

रतनबाई : न्हाई. कबूल केलं की मानूस मोकळा व्हतो. लोकं म्हनतील केवढ्या मनाचा चेअरमन. अजून टाळ्या वाजवतील. तुमी मोकळं झालेलं मला नगं.

काकासाहेब : मग?

रतनबाई : उद्यापसनं रोज सकाळी, दूध घालायच्या टायमाला, तुमी केंद्रावर बसायचं. ह्याला मांडीवर घेऊन. सगळ्यांचं दूध घालून होईस्तोवर. माझ्या घरून न्यायचं आन घरी आनून सोडायचं. दोन्ही हातांवर. पिशवी न्हाई, टोपली न्हाई.

काकासाहेब : रोज? अहो, मी चेअरमन आहे.

रतनबाई : म्हनूनच. ह्यानंच केलंय तुमाला चेअरमन. लोकांना आवडंल ते. आन डाक्टरीनबाईकडं न्यायचं त्याला, ज्या टेम्पोत घालून नेला हुता त्याच टेम्पोत. पुढच्या शिटावर. भाच्याला सांगा, खड्डे बघून चालव.

मोनिका : औषध दोन वेळा असतं, दादा. मी दाखवते कसं द्यायचं. जबडा असा बाजूनं धरायचा. चावतो, पण सगळे दात नाहीत आता.

काकासाहेब : तू कुणाची सून आहेस?

मोनिका : तुमचीच, दादा. म्हणून तर आधीच सांगितलं की चावतो.

काकासाहेब : आणि मी नाही आलो एखाद्या दिवशी तर?

रतनबाई : मी रोज किटली घेऊन येतेच केंद्रावर. आन भाकरी आमच्या घरात रोज व्हती. परात रोज धुतली जाती.

काकासाहेब : आणि हा गेला तर? वय झालंय त्याचं. उद्या माझ्या मांडीवरच गेला तर?

रतनबाई : तर गाव म्हनंल, आधी पोत्यात घातला हुता आन आता मांडीवर घेऊन संपवला. सोन्याचं मांजर केवढ्या वजनाचं करायचं ते भटजीला इचारून ठेवा. न्हाईतर जपा त्याला. थंडीत पाय आकडतो, मागला, डावा. तुमाला ठावं आसंल कोनता ते.

काकासाहेब : तेल लावता का?

रतनबाई : कोमट करून. खाली वर न्हाई, गोल चोळायचं. तुमच्या तोंडात कोनाचं बी नाव येऊ द्या चोळताना, माझी हरकत न्हाई.

काकासाहेब : बाहेर नाव पुकारतायत माझं. आता तरी उचला.

रतनबाई : उचलते. पन येक सांगायचं ऱ्हायलं. डाक्टरीनबाईनं त्याचं दूध बंद केलंय.

काकासाहेब : का?

मोनिका : पोट चालतं त्याचं, दादा.

काकासाहेब : म्हणजे? ती पूर्ण वाटी प्यालाय तो.

रतनबाई : चाटून पुसून. तुमीच म्हनलात.

काकासाहेब : किती वेळानं होतं ते?

रतनबाई : त्यानं आजवर आधी सांगितलं न्हाई कधी. तुमी हलू नगा. हालचाल झाली की लवकर व्हतं.

काकासाहेब : धोतर नवं आहे हो.

रतनबाई : दिसतंय. चांगलं हाय. पांढरंशुभ्र.

मोनिका : मी जुनं फडकं आणते.

रतनबाई : सावकाश आन. जेवून ये आधी.

काकासाहेब : घुरघुरतोय बघा कसा. रतनबाई, ज्याचा पाय गेला तो विसरला. माझ्या मांडीवर येऊन झोपला. तुम्ही कधी विसरणार?

रतनबाई : त्याचं वय झालंय, चेअरमन. माझं अजून व्हायचंय.